ओकलंडमधला शेवटचा सीझन: तुमचा संघ गाव सोडून गेला तर तुम्ही काय करता?

नाखवा_ईस्टबे | २९ सप्टेंबर २०२४

आज सिअ‍ॅटलला शेवटची मॅच झाली आणि ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या आमच्या बेसबॉल संघाचा सीझन संपला. ६९ जिंकल्या, ९३ हरल्या. पण लिहायला बसलोय ते गुरुवारबद्दल, २६ तारखेबद्दल. त्या दुपारी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या कॉलिसियम स्टेडियममधली शेवटची मॅच झाली. १९६८ पासून ५७ सीझन हा संघ तिथे खेळला. आता पुढची तीन वर्षं सॅक्रामेंटो आणि नवीन स्टेडियम बांधून झालं की लास व्हेगास.

मी २००१ ला अमेरिकेत आलो तेव्हा ओकलंडशेजारी सॅन लिआंद्रोला चौघं मिळून एका घरात राहायचो. गाडी नाही, ओळखपाळख नाही, शनिवार-रविवार नुसता खायला उठायचा. बार्टचं (इथली लोकल) पुढचंच स्टेशन कॉलिसियम. स्टेशनातून थेट स्टेडियमला नेणारा एक लांबलचक पूल आहे, दोन्ही बाजूला जाळी, पुलावर शर्ट-टोप्या-शेंगदाणे विकणारे बसलेले, आणि त्या गर्दीतून चालताना मला दर वेळी दादरचा पूल आठवायचा. बहुतेक म्हणूनच परत परत गेलो. खेळ कळायला एक अख्खा उन्हाळा गेला. वरच्या स्वस्तातल्या जागांवर बंदरात काम करून रिटायर झालेले एक आजोबा नेहमी भेटायचे, त्यांनी मला स्कोअर लिहायला शिकवला, पिचर (म्हणजे बॉलर) पुढचा बॉल कुठला टाकणार ते आधी ओळखायला शिकवलं. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत नीट घेता आलं नाही पण मी दोन आठवडे दिसलो नाही तर 'बरा आहेस ना' विचारायचे. अमेरिकेत माझी अशी चौकशी करणारा तो पहिला माणूस.

गुरुवारी सुट्टी टाकली, मुलीलाही कॉलेज बुडवायला लावलं. ४६,८८९ लोक, एक जागा रिकामी नाही. पहिला बॉल टाकायला संघाचे जुने स्टार रिकी हेंडरसन आणि डेव्ह स्टुअर्ट, दोघंही ओकलंडमध्ये वाढलेले. टेक्सास रेंजर्सविरुद्ध ३-२ ने जिंकलो. शेवटचा आउट झाला आणि कोणी जागचं हलेना. मॅनेजर मार्क कॉटसे माईक घेऊन मैदानात आला, लोकांचे आभार मानले आणि शेवटी सगळ्यांकडून ओकलंडचा जयघोष करून घेतला. त्यानंतर मैदानाची निगा राखणारी मंडळी कठड्यापाशी येऊन लोकांना मैदानातली माती द्यायला लागली. मला एक कागदी कपभर मिळाली. घरी येईपर्यंत मांडीवर धरून बसलो होतो.

आता प्रश्न. संघ तोच, खेळाडू तेच, फक्त गाव गेलं. तुम्ही अशा वेळी काय कराल किंवा काय केलंत? संघाच्या मागे जायचं, की सोडायचा, की दुसरा धरायचा?

खडकीचा_बाळ | २९ सप्टेंबर २०२४

दादा, मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही पण लेख वाचून गलबललो. एक शंका, ९३ मॅच हरलेला संघ म्हणजे तळातला ना? आणि एका वर्षात १६२ मॅच?? रणजीवाले ऐकतील तर चक्कर येईल त्यांना.

पिंपळपान | २९ सप्टेंबर २०२४

@खडकीचा_बाळ, हो, १६२, तेही सहा महिन्यांत. म्हणजे जवळजवळ रोज. आणि यातच सगळी मजा आहे. इथे कितीही भारी संघ असला तरी साधारण ५०-६० मॅच हरतोच आणि कितीही भंगार असला तरी बहुतेक वेळा ५०-६० जिंकतोच. त्यामुळे हार मनाला लावून घ्यायला वेळच मिळत नाही, उद्या परत मॅच असते. वर्ल्डकप फायनलसारखं श्वास रोखून कोणी बघत नाही, तिन्हीसांजेला रेडिओ लावायचा आणि भाजी निवडता निवडता ऐकायचं. सहा महिने घरात कोणीतरी पाहुणा राहायला आल्यासारखं असतं ते. मग पाहुणा कायमचा निघाला की घर कसं होईल बघा.

तळातले म्हणाल तर तेवढेही नाहीत. आपल्या विभागात पाचातले चौथे, एंजल्स खाली होते. २०२३ ला मात्र खरंच वाईट, ५०-११२.

स्पष्टवक्ता_सोलापूर | ३० सप्टेंबर २०२४

भावना समजतात पण एक बोलू का. शेवटच्या दिवशी ४६ हजार आले आणि वर्षभर? या वर्षी घरच्या मॅचला सगळ्यात कमी प्रेक्षक कोणाचे असतील तर ओकलंडचे. ज्या दुकानात गिऱ्हाईक येत नाही ते दुकान मालक हलवणारच. स्टेडियम पण १९६६ चं, ड्रेनेज तुंबून ड्रेसिंग रूममध्ये पाणी यायचं हे मी पण वाचलंय. मालकाने किती वर्षं थांबायचं?

नाखवा_ईस्टबे | ३० सप्टेंबर २०२४

@स्पष्टवक्ता, राग नाही, पण हे उलटं आहे. दुकानदाराने चांगला माल सगळा विकून टाकला, पाटी पुसली, 'मी हे दुकान बंद करणार' असं दारावर लिहिलं आणि मग म्हणतो गिऱ्हाईक येत नाही. २०२१ नंतर ऑल्सन, चॅपमन, मर्फी असे एकेक घडवलेले खेळाडू दुसऱ्यांना देऊन टाकले. खेळाडूंवरचा खर्च सगळ्या लीगमध्ये तळाला.

आणि लोक येत नव्हते असं नाही, कशासाठी यायचं हा प्रश्न होता. १३ जून २०२३ ची गोष्ट सांगतो. चाहत्यांनी ठरवलं की उलटा बहिष्कार घालायचा, म्हणजे सगळ्यांनी मुद्दाम यायचं. एरवी पाच-सहा हजार टाळकी असायची तिथे त्या मंगळवारी रात्री २७,७५९ आले, अंगात हिरवे शर्ट आणि त्यावर एकच शब्द, 'विका'. म्हणजे संघ दुसऱ्या कोणालातरी विका पण इथून नेऊ नका. आपल्या संघाने टॅम्पा बेला, त्या वेळच्या सगळ्यात तगड्या संघाला, २-१ ने हरवलं. मी होतो त्या रात्री. घसा दोन दिवस बसला होता. आणि त्याच रात्री तिकडे नेवाडाच्या सिनेटने लास व्हेगासच्या स्टेडियमला ३८ कोटी डॉलरपर्यंत सरकारी पैसा द्यायचं बिल पास केलं. घरी येऊन बातमी वाचली तेव्हा शर्ट अंगातच होता.

स्पष्टवक्ता_सोलापूर | ३० सप्टेंबर २०२४

हे माहीत नव्हतं. माल विकून पाटी पुसली हा मुद्दा मान्य. पण गावाने कराचा पैसा स्टेडियमवर का घालावा हा माझा प्रश्न राहतोच.

मनीषा_अलमेडा | ३० सप्टेंबर २०२४

@स्पष्टवक्ता, तो प्रश्न इथल्या लोकांनाही पडलेला, आणि कारण आहे. १९९५ ला अमेरिकन फुटबॉलचे रेडर्स लॉस एंजेलिसहून परत यावेत म्हणून याच स्टेडियममध्ये एक भलाथोरला स्टँड बांधला. लोक त्याला 'माउंट डेव्हिस' म्हणतात, रेडर्सच्या मालकाच्या नावावरून. तो उभा राहिला आणि आउटफिल्डच्या मागे दिसणारे ईस्ट बेचे डोंगर कायमचे झाकले गेले. त्याचं कर्ज ओकलंड शहर आणि अलमेडा काउंटी पुढे कित्येक वर्षं फेडत बसले, आणि रेडर्स २०२० ला व्हेगासला निघून पण गेले. त्याच्या आदल्या वर्षी बास्केटबॉलचे वॉरियर्स खाडी ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला. आता हे. पाच वर्षांत तीन संघ! एकदा तोंड पोळल्यावर ताक फुंकून पिणारच ना माणूस.

टिळकरोड | १ ऑक्टोबर २०२४

पुणेकर म्हणून दोन शब्द. आयपीएलमधला आमचा पुणे वॉरियर्स २०११ ला आला, २०१३ ला संपला. मग रायझिंग पुणे, दोनच वर्षांचा करार. २०१७ ची फायनल आठवते का कोणाला? मुंबई १२९, आम्ही १२८. एका रनने!!! आणि तो त्या संघाचा शेवटचा बॉल. पुढच्या वर्षी संघच नाही. मी अजून तो शर्ट कपाटातून काढलेला नाही. २०१८ ला चेन्नईच्या मॅच गहुंजेला हलवल्या तेव्हा सगळं पुणं पिवळं होऊन गेलेलं, मी गेलो नाही. दुसऱ्याच्या लग्नात किती नाचायचं.

अंधेरी_लोकल | १ ऑक्टोबर २०२४

@टिळकरोड त्या एका रनबद्दल मुंबईकरांतर्फे दिलगिरी. (नाही.)

टिळकरोड | १ ऑक्टोबर २०२४

माहीत होतं कोणीतरी येणार :)

पिंपळपान | १ ऑक्टोबर २०२४

@टिळकरोड, दोन वर्षांत एवढं दुखलं तर ५७ वर्षांचा विचार करा. तीन पिढ्या झाल्या. १९७२, ७३, ७४ अशी ओळीने तीन अजिंक्यपदं, मग १९८९. ते चौथं म्हणजे खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सविरुद्ध, मध्येच लोमा प्रिएटाचा भूकंप झाला, मालिका दहा दिवस थांबली, आणि मग परत येऊन सरळ ४-० ने जिंकले.

नर्मदातीर | २ ऑक्टोबर २०२४

नाखवांचा तो आजोबांचा परिच्छेद वाचला आणि मला माझे सासरे आठवले, म्हणून खूप दिवसांनी लिहितेय.

सासरे एसटीतून रिटायर झालेले, डेपोत होते. २००२ च्या एप्रिलमध्ये आमच्याकडे हेवर्डला आले. सहा महिन्यांचा मुक्काम. ज्यांचे आईवडील येऊन राहिलेत त्यांना माहितीय काय होतं, आपण दोघं कामावर आणि ते खिडकीत. महिन्याभरात 'तिकीट अलीकडचं करता येईल का' सुरू झालं. मग ह्यांनी एका रविवारी त्यांना कॉलिसियमला नेलं. मी पोळ्यांचे रोल करून दिले होते, आतमध्ये घरचं खाणं नेता यायचं.

येताना सासरे गाडीत गप्प. रात्री म्हणाले, 'हे लोक प्रत्येक बॉलचा हिशोब ठेवतात. आपल्याला जमेल.' दुसऱ्या दिवसापासून दोनशे पानी वही, पट्टीने आखलेले रकाने, आणि रोज संध्याकाळी रेडिओपाशी. इंग्रजी त्यांना बेताचं यायचं पण आकडे कळायचे. बेस चोरला (पिचर टाकत असताना पळून पुढचा थांबा गाठला) की 'चोरी', होम रन (बॉल थेट मैदानाबाहेर) झाला की 'पार', पिचर बदलला की 'ड्युटी बदल'. एप्रिल ते सप्टेंबर हा सीझन आणि सहा महिन्यांचा मुक्काम हे इतकं नेमकं जुळलं की ते म्हणायचे, व्हिसावाल्यांनी बघूनच दिलाय.

आणि वर्ष कुठलं तर २००२! ऑगस्टमध्ये संघ जिंकायला लागला तो थांबेचना. दहा, बारा, पंधरा. १९ झाल्या. ४ सप्टेंबरला विसावी, कॅन्सस सिटीविरुद्ध. ११-० ने पुढे होते म्हणून सासऱ्यांनी वही मिटून जेवायला घेतलं आणि हळूहळू ११-११ झालं. मी ताट वाढून बसलेय, ते हात धुवून परत रेडिओपाशी. नवव्या इनिंगला दुसऱ्याच्या जागी बॅटिंगला आलेल्या हॅटेबर्गने होम रन मारला, १२-११. पासष्ट वर्षांचा माणूस स्वयंपाकघरात नाचला. अमेरिकन लीगमध्ये (मोठ्या बेसबॉलच्या दोन लीगपैकी आपली) तोवर सलग वीस कोणी जिंकल्या नव्हत्या. वहीत त्या दिवशी 'पार' तीनदा गिरवलंय, कागद फाटायला आलाय तिथे.

परत गेल्यावर ते दर पत्रात निकाल विचारायचे. २०१३ ला वारले. वही माझ्याकडे आहे. ही गुरुवारची मॅच मी टीव्हीवर पाहिली आणि वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर त्यांच्याच रकान्यांत लिहिली. शेवटच्या आउटनंतर पुढे काय लिहायचं ते कळलं नाही म्हणून तारीख घातली.

खडकीचा_बाळ | २ ऑक्टोबर २०२४

ताई, 'ड्युटी बदल' वाचून आधी हसलो आणि मग काय झालं ते लिहीत नाही.

स्पष्टवक्ता_सोलापूर | २ ऑक्टोबर २०२४

नर्मदातीर, वही जपा. माझं दुकान-गिऱ्हाईकाचं गणित यात बसत नाही.

कॅन्ससकर | ३ ऑक्टोबर २०२४

दुसरी बाजू कोणीच मांडली नाही म्हणून मांडतो, मी कॅन्सस सिटीत राहतो. हा संघ मुळात ओकलंडचा नव्हताच. १९०१ पासून फिलाडेल्फियात, १९५५ ला कॅन्सस सिटीत आणला, आणि १९६७ चा सीझन संपल्यावर तेव्हाच्या मालकाने उचलून ओकलंडला नेला. म्हणजे ओकलंडकर आज रडतायत ते १९६८ ला आमच्याकडचे लोक रडले होते. माझ्या ऑफिसातले एक सिनियर गृहस्थ लहानपणी त्या संघाचे चाहते होते, अजून ओकलंडचं नाव काढलं की तोंड फिरवतात. तुम्हाला वाईट वाटणं खरंच आहे, फक्त तुमच्या आधी दोन गावं या रांगेत उभी राहिलीत.

नाखवा_ईस्टबे | ३ ऑक्टोबर २०२४

@कॅन्ससकर, खरंय. मी इतकी वर्षं मॅच बघतोय पण त्या बाजूने कधी विचार केला नव्हता. त्या गृहस्थांनी पुढे काय केलं? संघाच्या मागे गेले का?

कॅन्ससकर | ३ ऑक्टोबर २०२४

नाही. दोनच वर्षांत, १९६९ ला, आम्हाला रॉयल्स हा नवीन संघ मिळाला. आमच्या मिझुरी राज्याच्या सिनेटरने लीगला धमकावलं होतं की संघ नाही दिलात तर तुमची कायद्यातली सवलत काढून घेऊ. ते गृहस्थ तेव्हापासून रॉयल्सचे.

कलम_४२० | ३ ऑक्टोबर २०२४

ती सवलत काय ते सांगतो कारण गोम तिथेच आहे. अमेरिकेत मक्तेदारीविरोधी कायदा सगळ्या धंद्यांना लागू, पण १९२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की बेसबॉल हा राज्याराज्यांतला व्यापार नाही, म्हणून त्याला लागू नाही. शंभर वर्षं होऊन गेली, मुळातली सवलत अजून आहे. त्यामुळे ३० मालक मिळून ठरवतात कोण कुठे खेळणार. नोव्हेंबर २०२३ ला लास व्हेगासच्या स्थलांतरावर मतदान झालं, तिसाच्या तीस मतं बाजूने. आणि युरोपातल्या फुटबॉलसारखं गावाने नवीन क्लब काढून खालून वर चढत यायचं असं इथे नाही. दरवाजा आतून बंद.

वाऱ्यावरची_पोस्ट | ४ ऑक्टोबर २०२४

अवांतर: वानखेडेवर आपण जी लाट करतो ना, एकेक स्टँड उठून हात वर करतो ती, तिला मेक्सिकन म्हणतात १९८६ च्या फुटबॉल वर्ल्डकपमुळे. पण टीव्हीवर ती पहिल्यांदा दिसली १५ ऑक्टोबर १९८१ ला, याच ओकलंडच्या कॉलिसियममध्ये, यँकीज विरुद्ध अ‍ॅथलेटिक्स. ढोल वाजवत फिरणारा क्रेझी जॉर्ज नावाचा एक चिअरलीडर होता, त्याने करून घेतली.

अंधेरी_लोकल | ४ ऑक्टोबर २०२४

काय सांगता! म्हणजे मी पण ओकलंडचा थोडासा. नाखवा, ती माती तुळशीत घाला, पुण्य लागेल.

मनीषा_अलमेडा | ४ ऑक्टोबर २०२४

अजिबात नको!! मैदानातली माती चिकणमाती आणि वाळूची असते, पाणी धरून बसते. तुळस आठवड्यात मान टाकेल.

हिरवा_पिवळा_१४ | ६ ऑक्टोबर २०२४

मी इथेच जन्मलो, मराठी रविवारच्या शाळेत शिकलो, चुका झाल्या तर सॉरी. मोठी माणसं जुन्या गोष्टी सांगतात पण या वर्षीचे खेळाडू पण भारी होते म्हणून लिहितो. ब्रेंट रूकर ३९ होम रन. लॉरेन्स बटलरला मे महिन्यात खालच्या लीगमध्ये पाठवलेलं, परत आला आणि जुलैमध्ये फिलाडेल्फियात एका मॅचमध्ये तीन होम रन, आपण १८-३ ने जिंकलो. जिथून संघ आला त्याच शहरात! आणि मेसन मिलर ताशी १०३ मैलाने टाकतो, बाबांनी हिशोब करून सांगितलं की शोएब अख्तरपेक्षा फास्ट. ऑल स्टार मॅचमध्ये (लीगमधल्या निवडक खेळाडूंची मॅच) त्याने जपानी स्टार ओहतानीला आउट केलं. गुरुवारी शेवटचा आउट पण त्यानेच काढला.

मी सॅक्रामेंटोला जाणार. ते खेळाडू माझे आहेत, त्यांनी कुठे संघ विकलाय?

पिंपळपान | ६ ऑक्टोबर २०२४

बाळा, मराठी छान आहे. आणि शेवटच्या दोन ओळींना माझ्याकडे उत्तर नाही.

नाखवा_ईस्टबे | २२ डिसेंबर २०२४

धागा वर काढतोय. रिकी हेंडरसन परवा गेले. पासष्ट वर्षांचे होते, पाच दिवसांनी वाढदिवस. कारकिर्दीत १,४०६ बेस चोरले, दुसऱ्या नंबरवरच्याचे ९३८ आहेत. १९८२ च्या एका सीझनमध्ये १३०. सप्टेंबरमध्ये मैदानात चालत आले तेव्हा लोक उभे राहून ओरडत होते आणि ते गॉगल लावून रुबाबात हसत होते. मैदानाला त्यांचंच नाव होतं.

नर्मदातीर | २२ डिसेंबर २०२४

ओकलंडचा मुलगा ओकलंडचा संघ गेल्यावर तीन महिन्यांत. काय बोलायचं.

हिरवा_पिवळा_१४ | २७ जुलै २०२५

सॅक्रामेंटोला तीनदा जाऊन आलो. स्टेडियम मायनर (खालच्या) लीगचं आहे, साधारण १४ हजारांचं, उन्हात भाजून निघतो. संघाच्या नावात आता कुठलंच गाव नाही, नुसतं 'अ‍ॅथलेटिक्स'. ते मला विचित्र वाटलं. पण परवा ह्यूस्टनमध्ये निक कर्ट्झने एका मॅचमध्ये चार होम रन मारले, सहापैकी सहा हिट! पहिल्याच वर्षाच्या खेळाडूने असं कधीच केलं नव्हतं. मी सोफ्यावरून पडलो.

हिरवा_पिवळा_१४ | १ ऑगस्ट २०२५

काल मेसन मिलरला सॅन डिएगोला देऊन टाकलं. माझ्याकडे त्याच्या नावाचा शर्ट आहे.

टिळकरोड | १ ऑगस्ट २०२५

मित्रा, कपाटात ठेव. टाकू नकोस.

नाखवा_ईस्टबे | २४ सप्टेंबर २०२५

मीच विचारलेल्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर द्यायला आलोय, वर्ष उलटलं.

सॅक्रामेंटोला गेलो नाही. जावंसं वाटलं नाही असं नाही, कर्ट्झची ती मॅच मी पण पाहिली. पण माझ्या लक्षात आलं की मी ज्याच्यासाठी जायचो तो पूल, ते आजोबा, ती हवा होती. खेळाडू तर दर चार वर्षांनी बदलायचेच.

मुलीने मे महिन्यात वेस्ट ओकलंडच्या रायमोंडी पार्कला नेलं. ओकलंड बॉलर्स म्हणून संघ आहे, पायोनियर लीगमध्ये खेळतो, २०२४ पासून. मोठ्या लीगच्या कुठल्या संघाच्या हाताखालचा नाही, चार-एक हजार माणसांचं मैदान, मालकीत चाहत्यांचाही वाटा आहे. खेळाडू इतके जवळ की त्यांचं आपापसातलं बोलणं ऐकू येतं. पहिल्या मॅचला मी अंग चोरून बसलो होतो. तिसऱ्या इनिंगला मागून ढोल सुरू झाला, कॉलिसियमच्या उजव्या स्टँडमध्ये वाजायचा तोच ठेका. मान वळवून बघितलं तर चेहरे ओळखीचे. यंदा चौदा मॅच पाहिल्या. आणि या रविवारी बॉलर्सनी लीगचं अजिंक्यपद जिंकलं.

कॅन्ससकर | २४ सप्टेंबर २०२५

अभिनंदन! ऑफिसातल्या सिनियरना सांगतो. ते रिटायर झालेत पण फोन करतो.

कलम_४२० | २५ सप्टेंबर २०२५

दरवाजा आतून बंद म्हणालो होतो. खिडकीचा विचार केला नव्हता.

नर्मदातीर | २५ सप्टेंबर २०२५

नाखवा, वहीत अजून अकरा कोरी पानं आहेत. पुढच्या मेमध्ये बॉलर्सच्या मॅचला यायचं तर बार्टने कुठे उतरायचं?

नाखवा_ईस्टबे | २५ सप्टेंबर २०२५

वेस्ट ओकलंडला. तिथून साधारण मैलभर चालायचं, चालवत नसेल तर मी गाडी घेऊन स्टेशनला येतो. पट्टी आणा, रकाने तुम्ही आखा, मी आकडे सांगतो.